धातूला शाई लावताना

आपल्या संगीताने धातूच्या तारेकडे स्वर सोपवला आणि धातूच्या पत्र्याकडे ताल. तानपुऱ्याची तार पोलादाची किंवा पितळेची असते आणि सगळी मैफल तिच्यावर तोलली जाते. टाळ, झांज, कासाळे, घंटा यांचा धातूही त्याच कुळातला; पण त्यांनी वेळेवर वाजावे, एवढीच आपली अपेक्षा. तानपुरा कोणत्या पट्टीत लावला आहे हे पाहिल्याशिवाय गवई तोंड उघडत नाही, झांजेची पट्टी मात्र कुणी विचारत नाही. नाट्यशास्त्राने वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग केले. त्यांतल्या घनवाद्यांच्या वाट्याला प्रामुख्याने कालमापनाचे काम आले आणि ते आजवर टिकले.

धातूच्या एखाद्या आकारातून नेमका कोणता स्वर निघतो, तो का निघतो आणि घडवणाऱ्याला तो आधी ठरवता येतो का, हे तीन प्रश्न या पुस्तकाचा विषय आहेत. पट्टी, नळी, थाळी आणि घंटा हे चार आकार क्रमाने घेतले आहेत. विषय ध्वनिशास्त्राचा असला तरी पुस्तक पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांना समोर ठेवून लिहिलेले आहे. धातूच्या नादाचे जुने-नवे इतके प्रकार एवढ्या लहान भूभागात एकत्र ऐकायला मिळणे दुर्मीळ आहे, आणि धातू ओतणारे हातही येथेच आहेत.

थोडा इतिहास सांगणे भाग आहे. गोव्याचा उत्तरेकडचा हा पट्टा पोर्तुगीज सत्तेखाली उशिरा आला. तिसवाडी, बारदेश आणि साष्टी हे महाल सोळाव्या शतकातच त्यांच्या ताब्यात गेले होते. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे सावंतवाडीकर भोसल्यांचे महाल १७८१ ते १७८८ या काळात गेले. सोळाव्या-सतराव्या शतकांतला देवळे पाडण्याचा काळ तोवर सरला होता. हे महाल जाण्याच्या कितीतरी आधी, १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी डिचोली तालुक्यातल्या नार्वे येथे सप्तकोटेश्वराचे देऊळ पुन्हा उभारले होते. त्यामुळे या पट्ट्यातल्या देवळांचा नाद फारसा तुटला नाही. चवथीच्या घुमट आरत्या, शिगम्यातले रोमटामेळ, श्रावणातले भजनी सप्ताह, साखळी-विठ्ठलापूरच्या विठ्ठलासमोरचा टाळ-मृदंग, पेडण्यातला दशावतार, या सगळ्यांत काशा-पितळेचा आवाज आहे. पेडणे तालुक्यातल्या मळपे गावचे नाव लावणाऱ्या अंजनीबाई मालपेकर यांच्यासारखी गायिका ज्या मातीतून आली, तिथला कान स्वराच्या बाबतीत कच्चा असणार नाही हेही उघड आहे.

यांतले कासाळे आधी पाहू. घुमट, शामेळ आणि कासाळे हा आरतीचा तिघांचा संच. घुमट म्हणजे मातीचे भांडे. त्याच्या मोठ्या तोंडावर कातडे ताणलेले आणि दुसरे तोंड उघडे. त्याचा घुमारा खालच्या पट्टीतला असतो, कारण भांड्यातली हवाही त्यात कंप पावते. शामेळ हे त्याच्या जोडीचे चर्मवाद्य, त्याचा स्वर घुमटाच्या वर बसतो. या दोघांच्या आवाजात वरच्या कंपनसंख्यांचा पट्टा जवळजवळ मोकळा राहतो आणि तो कासाळे भरून काढते. खोलगट, जाड काशाच्या दोन तबकड्या मध्यभागी दोरीने धरलेल्या असतात. धरण्याची जागा मध्यावर असल्याने जी कंपने मध्यभागाला हलवतात ती लवकर मरतात आणि ज्यांत कड वर-खाली होते ती टिकतात. म्हणजे दोरी ओवायचे भोक कुठे पाडायचे हा निर्णयही वाद्याच्या आवाजाची रचना करतो. मधला फुगवटा तबकडीला ताठपणा देतो आणि स्वर वर चढवतो. सपाट पत्रा त्याच वजनाचा घेतला तर तो खूप खालून आणि भसाडा बोलेल.

टाळाच्या जोडीतही असाच एक निर्णय दडलेला आहे. दोन टाळ तंतोतंत एका स्वराचे निघाले तर आवाज सरळ, कोरडा येतो. एक २००० आणि दुसरा २००६ कंपनांचा असेल तर सेकंदाला सहा लहरी उठतात आणि आवाज झुळझुळत राहतो. चांगला भजनी दुकानात चार-सहा टाळ वाजवून जोडी लावतो तेव्हा तो हाच फरक कानाने मोजत असतो. मात्र ही निवड विकत घेणाऱ्याकडे राहते. ओतणाऱ्याच्या हातून वस्तू सुटली तेव्हा तिचा स्वर योगायोगाने ठरलेला असतो.

हे ओतणारे हात डिचोलीत आहेत. डिचोलीच्या पितळी समया गोव्यात आणि गोव्याबाहेर प्रसिद्ध आहेत. माती-रेतीच्या साच्यात पितळ ओतायचे, सुटे भाग लेथवर कातून साफ करायचे, मळसूत्राने एकमेकांत बसवायचे आणि झिलई करायची, हा तिथल्या कामाचा साधारण क्रम. जुनी भांडी मोड म्हणून भट्टीत जातात आणि समई होऊन बाहेर पडतात. याच तालुक्यात, नावातच कासार ऐकू येणारे कांसारपाल हे गाव आणि तिथले कालिकादेवीचे देऊळ आहे. दक्षिणेकडे कुंकळ्ळीचीही धातुकामाची ख्याती जुनी. जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलच्या मनोऱ्यावरची सुवर्णघंटा १६५२ मध्ये कुंकळ्ळीत ओतली गेली असे सांगतात. कॅथेड्रलचा जोडमनोरा १७७६ मध्ये कोसळला. उरलेल्या मनोऱ्यात ही घंटा अजून आहे. ऑगस्टिनियन मठाची मोठी घंटा मठ ओस पडल्यावर आधी आग्वादच्या दीपगृहात गेली आणि १८७१ मध्ये पणजीच्या चर्चवर चढली.

घंटांना धर्माची शीव फारशी अडवत नाही. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतल्यावर तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी सरदारांनी आपापल्या देवस्थानांना वाहिल्या. भीमाशंकर, वाईजवळचे मेणवली, नाशिकचे नारोशंकर मंदिर येथे त्या आजही दिसतात. नारोशंकराच्या घंटेवर १७२१ हे साल आहे, आणि मोठ्या आवाजात बोलणाऱ्याला नाशकात तिच्याच नावाने चिडवतात. काशाचे मिश्रण, जाडीचा उतार आणि कडेचा फुगवटा जमला की पाद्रीही ती घंटा वाजवतो आणि पुजारीही.

आता मुख्य अडचणीकडे वळू. धातूला स्वर देणे अवघड का जाते? तारेचे उत्तर सोपे आहे. तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे स्वर निघतात. तानपुऱ्यात गांधार आपोआप ऐकू येतो तो याच पाचपट कंपनामुळे. तारेच्या पोटातले सगळे स्वर एकमेकांशी पटवून घेतात आणि कानाला एकच स्वर ऐकू येतो. धातूची सुटी पट्टी असे करत नाही. सारख्या जाडीच्या पट्टीतून मूळ स्वरानंतर २.७५६ पट, मग ५.४०४ पट, मग ८.९३३ पट असे स्वर निघतात. मूळ स्वराला षड्ज मानले तर दुसरा स्वर तार सप्तकात शुद्ध आणि तीव्र मध्यमांच्या जवळजवळ मधोमध पडतो. तिसरा त्याच्याही वरच्या सप्तकात शुद्ध मध्यमाच्या किंचित वर. म्हणजे पट्टीवर सा वाजवला की तिच्या अंगात एक बेसूर मध्यम सोबत वाजतो. थाळी आणि तबकडी यांच्यात तर असे स्वर इतक्या दाटीने असतात की मूळ स्वर कोणता हेच कळेनासे होते. धातूकडे ताल सोपवण्यामागे काय विचार होता ते कुणी लिहून ठेवलेले नाही. पण षड्ज-पंचमाच्या नात्यावर उभ्या असलेल्या संगीताला हा बेसूर मध्यम पचणे कठीणच होते.

कातड्याची गोष्टही मुळात अशीच होती. गोल ताणलेल्या साध्या कातड्यातून मूळ स्वराच्या १.५९, २.१४, २.३० पट असे स्वर निघतात. तेही एकमेकांशी पटत नाहीत. जगातले बहुतेक ढोल त्यामुळे स्वराच्या वाटेला जात नाहीत. आपल्याकडच्या कारागिरांनी मृदंगाच्या आणि तबल्याच्या पुडीवर शाई घोटली, थरावर थर चढवले, मध्ये जाड आणि कडेला पातळ. त्या भाराने कातड्याची कंपने सरकली आणि तारेसारख्या दुप्पट-तिप्पट क्रमात येऊन बसली. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्यासह 'नेचर' नियतकालिकात आणि पुढे १९३४ मध्ये स्वतंत्रपणे हे सिद्ध करून दाखवले. पदार्थविज्ञानाच्या कितीतरी आधी हे उत्तर कुणा अनाम हातांनी शोधले होते.

या पुस्तकाचे म्हणणे एवढेच की जे कातड्याला जमले ते धातूलाही जमवता येते. आकारातून निघणारे अनेक आवाज आपण बदलू शकतो, काही मारू शकतो, काही जवळ आणू शकतो. शाईऐवजी येथे हातोडा, कानस, लेथ आणि आधाराची जागा वापरायची.

जगात हे तीन वेगवेगळ्या वाटांनी झाले आहे. पहिली वाट आकार सुधारण्याची. सतराव्या शतकात नेदरलँड्समधल्या हेमोनी बंधूंनी घंटा लेथवर आतून कातून पाच स्वर जुळवले. जुळवलेल्या घंटेत मध्य षड्ज, त्याखाली एक सप्तक खर्जातला षड्ज, वर कोमल गांधार, पंचम आणि तार षड्ज असतात. चर्चच्या घंटेचा आवाज आनंदाच्या प्रसंगीही थोडा उदास वाटतो त्याला तो कोमल गांधार काही अंशी जबाबदार आहे. १९८० च्या दशकात नेदरलँड्समध्येच संगणकावर आकार मोजून शुद्ध गांधाराची घंटा तयार केली गेली. तिचे पोट पाहिले तर नेहमीच्या घंटेहून वेगळे, फुगीर दिसते. एका स्वराच्या अंतरासाठी घंटेची सगळी ठेवण बदलावी लागली.

याच वाटेवरचा त्याहून जुना चमत्कार चीनमध्ये आहे. हूबेई प्रांतात १९७८ मध्ये झंग राज्याच्या यी या शासकाची, इसवी सनापूर्वी ४३३ च्या सुमाराची कबर उघडली तेव्हा ६५ काशाच्या घंटा सापडल्या. त्यांचा छेद गोल नाही, बदामासारखा दोन्ही टोकांना निमुळता आहे. प्रत्येक घंटा मध्यावर मारली तर एक स्वर देते आणि बाजूला मारली तर दुसरा. निमुळत्या कडांमुळे आवाज लवकर विझतो, म्हणून त्यांवर चाली वाजवता येत. गोल घंटेला दोन स्वर देणे शक्य नाही आणि तिचा नाद लांबतो. हे ओळखून आकार निवडला गेला होता.

दुसरी वाट उलटी: धातू बदलायचा नाही, सप्तक बदलायचे. जावा-बालीच्या गामेलानमध्ये काशाच्या पट्ट्या आणि मध्यभागी फुगवटा असलेल्या थाळ्या मुख्य वाद्ये आहेत. तिथली सप्तके आपल्या किंवा युरोपच्या सप्तकांशी जुळत नाहीत आणि एका गावचा संच दुसऱ्या गावच्या संचाशीही तंतोतंत जुळत नाही. विल्यम सेथारेस या अमेरिकन अभ्यासकाने अशी मांडणी केली आहे की वाद्याच्या अंगातले स्वर आणि सप्तकाचे स्वर एकमेकांवर बेतले गेले की कानाला गोडवा वाटतो. पट्टीच्या पोटात बेसूर मध्यम असेल तर त्याला सामावून घेणारे सप्तक निवडावे, असा याचा आपल्यापुरता अर्थ.

तिसरी वाट आवाज मारण्याची. पट्टीवर मूळ स्वराच्या कंपनात दोन जागा मुळीच हलत नाहीत. त्या प्रत्येक टोकापासून लांबीच्या २२.४ टक्के आत असतात. तिथे आधार दिला तर मूळ स्वर मोकळा राहतो आणि इतर कंपने दाबली जातात. ३० सेंटिमीटरच्या पट्टीत ही जागा टोकापासून ६.७ सेंटिमीटरवर येते. आधार सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर सरकला तरी आवाज ठक्क होऊन बसतो. मऊ टोकाची काठी, मारण्याची योग्य जागा आणि पट्टीखाली बसवलेली नळी यांनीही नको ते स्वर मागे पडतात.

आपल्याकडे हे प्रयोग झालेच नाहीत असे म्हणता येणार नाही. मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी १९१८ च्या सुमारास अनाथ मुलांना घेऊन मैहर बँड उभा केला. त्यासाठी त्यांनी बंदुकीच्या नळ्या कापून नलतरंग बनवले. सरोद वाजवणाऱ्या माणसाने कानस हाती घेतली तेव्हा ताल धरणाऱ्या धातूला स्वर मिळाला. ते वाद्य मैहरच्या बाहेर फारसे पसरले नाही. कारण बनवण्याची रीत एका माणसाच्या कानात राहिली, मोजमापाच्या रूपाने बाहेर आली नाही.

आज पेडणे तालुक्यात धातूचा स्वर वेगळ्याच दाराने आला आहे. हरमलच्या किनाऱ्यावर सूर्यास्ताच्या सुमारास ढोलके वाजवणाऱ्यांच्या घोळक्यात पोलादी हँडपॅन मांडीवर घेतलेली माणसे दिसतात. या वाद्याची वंशावळ पाहण्यासारखी आहे. त्रिनिदादमध्ये इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कातडी ढोलांवर निर्बंध घातले. लोकांनी बांबू आपटून ताल धरला. १९३० नंतर डबे आणि तेलाची पिंपे आली आणि पिंपाच्या तळावर हातोड्याने खळगे पाडून स्वर लावले गेले. त्या स्टीलपॅनवर काम करणाऱ्या स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरातल्या फेलिक्स रोनर आणि सबिना शेरर यांच्यापुढे एका तालवादकाने भारतीय घटम ठेवला आणि हाताने वाजेल असे स्वरांचे भांडे मागितले. २००० मध्ये त्यातून 'हांग' तयार झाले आणि जगभरच्या कारागिरांनी त्यावरून हँडपॅन बनवले. म्हणजे घटाची कल्पना दक्षिण भारतातून गेली आणि पोलादाच्या रूपात कोकणाच्या किनाऱ्याला लागली.

हँडपॅनमधला प्रत्येक खळगा म्हणजे शाईचेच काम आहे. लंबगोल खळगा लांबीच्या दिशेने एका कंपनसंख्येला आणि रुंदीच्या दिशेने दुसऱ्या कंपनसंख्येला बोलतो. कारागीर हातोड्याने त्याची लांबी, रुंदी आणि ताण असे बसवतो की मूळ स्वर, त्याचा तार षड्ज आणि त्यावरचा पंचम, म्हणजे १, २ आणि ३ हे प्रमाण जमते. पत्र्यातला बेसूरपणा तिथे ठोकून ठोकून सुरात आणलेला असतो. घुमटाप्रमाणे त्याच्या पोटातली हवाही खालच्या तोंडातून बोलते. हरमलला हे वाद्य ऐकणाऱ्या पर्यटकाला डिचोलीची भट्टी ठाऊक नसते आणि डिचोलीच्या ओतकाम करणाऱ्याला हँडपॅनची किंमत माहीत असली तरी त्याची मोजमापे माहीत नसतात. दोन्ही तालुक्यांच्या सीमा एकमेकींना भिडलेल्या आहेत.

धातूच्या निवडीबद्दल येथे दोन गोष्टी सांगून ठेवतो. सविस्तर विवेचन स्वतंत्र प्रकरणात आहे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, कासे म्हणजे तांबे आणि कथील. घंटेच्या काशात साधारण ७८ भाग तांबे आणि २२ भाग कथील असते. असे कासे कंपनांची शक्ती आत फारशी गिळत नाही, म्हणून नाद लांबतो. पितळ लवकर थांबते, पण ओतायला आणि कातायला सोपे. मोडीतल्या पितळेत काय काय मिसळले आहे याचा भरवसा नसतो आणि एकाच साच्यातून दोन दिवशी ओतलेल्या दोन घंटांचा स्वर त्यामुळेच वेगळा निघतो. वाद्यासाठी तांबे, कथील, जस्त वेगवेगळे तोलून घेणे याला पर्याय नाही.

दुसरी गोष्ट पाणी देण्याची. पोलाद लाल करून पाण्यात बुडवले की ते कडक आणि ठिसूळ होते, हे प्रत्येक लोहाराला ठाऊक असते. भरपूर कथिलाच्या काशाचे उलट आहे. ते सावकाश थंड झाले तर आत ठिसूळ दाणे तयार होतात आणि हातोड्याखाली वस्तू तडकते. तापलेले असतानाच पाण्यात टाकले तर चिवटपणा टिकतो. लालसर तापमानाच्या एका अरुंद पट्ट्यातच ते ठोकता येते, त्याखाली नाही. केरळात याच रीतीने काशाची भांडी ठोकून घडवली जातात. बंगळूरच्या शारदा श्रीनिवासन यांनी त्या परंपरेचा धातुशास्त्राच्या अंगाने अभ्यास केला आहे. तुर्कस्तानातल्या झांजांचे मिश्रणही ८० भाग तांबे आणि २० भाग कथील असेच असते.

पोलाद आणि ॲल्युमिनियम यांचा उपयोग पट्ट्यांसाठी चांगला. ३० सेंटिमीटर लांब, ६ मिलिमीटर जाड पोलादी पट्टी सेकंदाला सुमारे ३४५ कंपने देते. ॲल्युमिनियमची त्याच मापाची पट्टी जवळजवळ तोच स्वर देते, कारण ते हलके असले तरी त्याच प्रमाणात लवचीकही आहे. पितळेची पट्टी मात्र २४० च्या आसपास, म्हणजे पंचमाला थोडे कमी इतक्या अंतराने खाली बोलते. पट्टीच्या रुंदीचा स्वराशी संबंध नाही. रुंदीने फक्त आवाज वाढतो. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: खाऱ्या हवेत साधे पोलाद एका पावसाळ्यात गंजते आणि गंज स्वर बिघडवतो. काशा-पितळेवर कळंक चढतो, पण तो पुसता येतो.

तारेचा अनुभव असलेल्यांची पट्टी कापताना फसगत होते ती लांबीत. तार निम्मी केली की स्वर एक सप्तक चढतो, पट्टी निम्मी केली की दोन सप्तके. एका सप्तकासाठी लांबी निम्मी करायची नसते, ०.७०७ पट करायची असते. ३० सेंटिमीटरवर षड्ज धरला तर शुद्ध रिषभ २८.३, गांधार २६.८, मध्यम २६, पंचम २४.५, धैवत २३.२, निषाद २१.९ आणि तार षड्ज २१.२ सेंटिमीटरवर येतो. प्रत्येक पट्टी दोन-तीन मिलिमीटर लांब कापावी आणि मग लावावी. टोके कानसली की स्वर चढतो, मधला भाग खालून कोरला की उतरतो. मध्य असा कोरत गेले की तो बेसूर मध्यमही सरकू लागतो आणि नेमक्या खोलीवर मूळ स्वराच्या चौपट, म्हणजे अतितार षड्जावर जाऊन बसतो. पट्टीला शाई लागते ती येथे.

हे कानाने करायचे की यंत्राने, असा वाद घालण्याची गरज नाही. आठव्या-नवव्या पटीतला स्वर आणि मूळ स्वर यांचे गुणोत्तर कानाने मोजणे अवघड आहे; हातातल्या मोबाइलवर कंपनांचा आलेख दाखवणारी साधने मिळतात आणि ती या कामाला पुरतात. मोजलेला स्वर गोड आहे की नाही हे सांगायला मात्र कानच लागतो. आकाराचे कंपन डोळ्यांनी पाहायचे असेल तर १७८७ मध्ये अर्न्स्ट क्लाडनी या जर्मन संशोधकाने प्रसिद्ध केलेली रीत अजून उत्तम आहे. पितळेच्या पातळ चौकोनी पत्र्यावर रांगोळी भुरभुरवून कडेला व्हायोलिनचा गज ओढला की जिथे पत्रा हलत नाही तिथे पूड गोळा होते आणि रेघांची नक्षी उमटते. आधार कुठे द्यायचा आणि भोक कुठे पाडायचे, हे त्या रेघा सांगतात.

हे पुस्तक कुणी कसे वाचावे, याबद्दल थोडे. ओतकाम आणि ठोककाम करणाऱ्याने गणिताची पाने सोडून मापांचे तक्ते आणि आकृत्या पाहिल्या तरी चालेल. वाजवणाऱ्याने निदान पट्टीचे प्रकरण स्वतःच्या हाताने करून पाहावे, कारण एक पट्टी स्वतः कानसून लावली की दुकानातल्या टाळाकडे पाहण्याची नजर बदलते. शाळा-महाविद्यालयांतल्या विज्ञानशिक्षकांना येथे प्रात्यक्षिके मिळतील. आणि कासाळे सुधारण्याची घाई कुणी करू नये. त्याच्या दाट, स्वरहीन झणझणाटाला आरतीत स्वतःचे काम आहे. त्याला एका स्वरात बांधले तर घुमटावरचा तो मोकळा पट्टा पुन्हा ओस पडेल. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला. त्याआधीच, वन्यजीव कायद्यामुळे, घोरपडीचे कातडे जाऊन बकऱ्याचे आले होते आणि वाद्य टिकले. नवे सामान आल्याने परंपरा मोडते असे नाही; जुन्याची जागा न घेता नवे शेजारी बसू शकते.

राहिला प्रश्न पोटाचा. काशा-पितळेची वस्तू आपल्या बाजारात वजनावर विकली जाते आणि कानशीचा प्रत्येक हात वजन कमी करतो. जे काम वस्तूला सुरात आणते त्यालाच तराजू तोटा ठरवतो. समई ओतणाऱ्याने स्वर लावण्यासाठी दोन दिवस खर्च करावेत अशी अपेक्षा धरायची तर त्याला त्या दोन दिवसांची मजुरी वेगळी मिळायला हवी. त्यासाठी टाळावर, घंटेवर, पट्टीवर तिचा स्वर कोरलेला असावा, जोडीचा फरक लिहून द्यावा आणि भाव किलोवर न ठेवता लावलेल्या स्वरावर ठेवावा, असे या पुस्तकाने सुचवले आहे. शेवटच्या प्रकरणात सा ते तार सा अशा आठ पट्ट्यांच्या एका संचाचा सामान, कोळसा आणि मजुरीसह पूर्ण हिशेब मांडला आहे. तो आपापल्या भावाने पुन्हा करून पाहावा. आकडे बदलतील, पण मजुरीचा रकाना रिकामा ठेवू नये.